गिझरची कळ

नंदुरबार जिल्ह्याच्या सखल भागात, म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीवरील गावांत आणि खुद्द नंदुरबार शहरात, गिझर हे वर्षातील चार महिने उपकरण असते आणि उरलेले आठ महिने न्हाणीघराच्या भिंतीवरील एक पांढरा फुगवटा असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, स्लॅबवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते, आणि मग थंड पाण्याच्या नळातून कढत पाणी व गरम पाण्याच्या नळातून, बंद गिझरच्या पोटात सावलीला साठून राहिलेले असल्यामुळे, त्यामानाने गार पाणी येऊ लागते. लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम, हा उलटा व्यवहार घरच्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. बाहेरगावच्या पाहुण्याला तो समजावून सांगावा लागतो, आणि तरीही पाहुणा एकदा भाजतोच. पहाटे बादल्या भरायच्या आणि दुपारपर्यंत त्या गार ठेवायच्या, हे उन्हाळ्यातले घरकाम पाणी तापवण्याच्या नेमके उलट असून त्यासाठी घरोघरी भिंतीवर कोणतेही उपकरण दिसत नाही.

अशा आठ महिन्यांच्या विश्रांतीनंतर गिझर 'गेल्याचे' ज्या दिवशी उघडकीस येते (घरगुती यंत्रांच्या बाबतीत 'बिघडणे' हे क्रियापद टाळून 'जाणे' हे माणसांसाठी राखून ठेवलेले क्रियापद वापरण्याची रीत आहे), तो दिवस बहुधा नरक चतुर्दशीचा असतो. यात ग्रहांचा काही दोष नाही. सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करण्याची प्रथा असल्याने त्या पहाटे घरातील सर्व माणसे एकाच तासात, अंगाला तेल आणि उटणे चोळून, म्हणजे माघारीचा मार्ग स्वतःच बंद करून, न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहतात, आणि मार्चपासून ज्याला कोणी विचारले नाही त्या यंत्राची सर्वांत कठीण परीक्षा हंगामाच्या पहिल्याच दिवशी घेतली जाते. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी व आत तारेचे वेटोळे असलेली धातूची नळी, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमान गाठताच वीज तोडणारा भाग, यांपैकी एकाने तरी त्या पहाटे मान टाकलेली असते. त्यानंतर होणारे उपचार सर्व घरांत सारखे आढळतात. प्रथम कळ तीनदा खालीवर केली जाते, मग घरातील कर्ता पुरुष, ज्याचा या यंत्राशी तोवर केवळ आंघोळीपुरता संबंध आलेला असतो, गिझरच्या अंगावर दोन थापा मारतो (हा उपचार रेडिओच्या काळापासून चालत आलेला असून त्या काळी त्याला यशही येत असे), आणि अखेरीस, बराच वेळ तेलकट अंगाने ओट्यावर बसून राहिलेल्या आजोबांकडून अहिराणीत विचारणा होते, "पानी तपनं का?" या प्रश्नाला त्या क्षणी घरातील कोणीही उत्तर देत नाही.

'गिझर' या शब्दाचा उगम पाहिला तर प्रकरण आणखी मौजेचे होते. आइसलँडमधील हौकादालुर खोऱ्यात उकळते पाणी आकाशात फेकण्यासाठी प्रसिद्ध झालेला एक झरा आहे, त्याचे नाव गेसिर. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तापवणारे यंत्र तयार केले आणि त्याला या झऱ्याचे नाव दिले. त्या पहिल्या यंत्राला जळालेला वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते, ही गोष्ट पुढे गॅस गिझरचा विषय येईल तेव्हा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आता उष्ण झऱ्याच्याच नावाने यंत्र ओळखायचे असेल तर नंदुरबार जिल्ह्याला आइसलँडपर्यंत जाण्याचे कारण नव्हते, कारण शहादा तालुक्यात उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा असून त्याचे पाणी गोमुखातून पडते. त्याला कळ नाही, वीजबचतीचे तारे नाहीत, वॉरंटी कार्ड नाही आणि वीजबिलाशी त्याचा संबंध नाही. घरपोच मिळत नाही एवढीच काय ती त्याची उणीव. मॉन हा खानदेशी असता तर आज घरोघरी भिंतीवर उनपदेव बसले असते, आणि दुरुस्तीला आलेला कारागीर "तुमचा उनपदेव गेला" असे सांगताना थोडा तरी संकोचला असता.

गिझर येण्यापूर्वी हे खाते बंबाकडे होते. बंब म्हणजे तांब्याचे किंवा पितळेचे उभे नळकांडे, ज्याच्या मधोमध धुराडे, तळाशी निखाऱ्यांची जाळी, बाजूला तोटी आणि वर पाणी ओतण्यासाठी नरसाळ्यासारखे तोंड असे. (मराठीत आगीचा बंब आग विझवतो आणि पाण्याचा बंब पोटात आग बाळगतो, आणि दोघांना एकच नाव असूनही आजवर कोणाचा घोटाळा झाल्याचे दिसत नाही.) कापसाच्या मुलखात त्याचे सरपण शेतातूनच येई: वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि वर दोन-चार गोवऱ्या. अनेक बंबांत वरून एक तांब्या गार पाणी ओतले की तोटीतून एक तांब्या ऊन पाणी बाहेर पडे, आणि ज्याने ओतायचा कंटाळा केला त्याला काही मिळत नसे. आधुनिक म्हणून मिरवणारा साठवणीचा गिझरही नेमका याच तत्त्वावर चालतो. त्यात गार पाणी खालून शिरते आणि तापलेल्या पाण्याला वरच्या नळीतून बाहेर ढकलते, म्हणून स्लॅबवरची टाकी रिकामी झाली तर गिझरच्या पोटात १५ लिटर वाफाळते पाणी असूनही नळाला थेंब येत नाही. साबण लावलेल्या माणसाला हे तत्त्व त्या क्षणी आवडत नाही, पण ते बंबाइतकेच जुने आहे.

बंबाचे काम कष्टाचे होते हे निर्विवाद. राख काढायची, धुराडे झाडायचे, पऱ्हाट्या मोडून रचायच्या, पेटत नसेल तर फुंकून डोळे लाल करून घ्यायचे, आणि दिवाळीपूर्वी चिंचेने घासून त्याला सोन्यासारखा करायचा, एवढे सगळे झाल्यावर एखाद्या घरात पाच माणसांची आंघोळ होई. परंतु या कष्टांचा एक गुण असा होता की ते दिसत. अंगणातून धूर वर जाई, पऱ्हाट्या मोडल्याचा कडकड आवाज येई, फुंकणारीचे डोळे चुरचुरत, आणि अंथरुणात पडून असलेल्या माणसालाही कोणीतरी आपल्यासाठी उठलेले आहे याची जाणीव, झोपेच्या आड येण्यापुरती तरी, होत असे.

सातपुड्याच्या अंगाने वर गेले की हा भूतकाळ वर्तमानकाळात येतो. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरी पाड्यांत आंघोळीचे पाणी आजही बहुतांशी चुलीवर तापते, आणि घरात गॅसचा सिलिंडर आलेला असला तरी तो भाजी-भाकरीसाठी राखून ठेवून पाण्याला लाकडेच लावली जातात, कारण १४.२ किलो गॅस आंघोळीवर उधळणे कोणत्याही हिशेबी बाईला पटत नाही. याच डोंगरांतले तोरणमाळ ११०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि डाब गावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून गवतावर पांढरा थर धरतो. म्हणजे जिल्ह्यात जेथे ऊन पाण्याची खरी निकड आहे तेथे गिझर कमी, आणि जेथे तो भिंतीभिंतीवर आहे तेथे त्याला आठ महिने काम नाही, असा हा वाटपाचा न्याय आहे. याच अक्राणी तालुक्यातील बिलगावला उदई नदीवर गावकऱ्यांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला, तो २००३ साली सुरू झाला आणि २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेला. किलोवॅट हे वीज वापरण्याच्या वेगाचे माप आहे. बाजारातील सामान्य गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे अनेक पाड्यांना उजेड देणारी ती सारी वीज नंदुरबारच्या एका मध्यम इमारतीच्या एका जिन्यातील आठ कुटुंबांनी एकाच पहाटे गिझर लावले असते तर पुरली नसती. हा हिशेब येथे करमणुकीसाठी दिलेला नाही.

गिझर आल्यावर बंबाचे कष्ट संपले असे मानले जाते, आणि जाहिरातींतील हसतमुख कुटुंबांच्या चेहऱ्यांवरून तसे वाटतेही. प्रत्यक्षात हातांचे काम कमी झाले आणि ते सगळे एका कळीत येऊन बसले. मराठीत 'कळ' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे: कळ दाबली जाते तेव्हा ते बटण असते, कळ सोसली जाते तेव्हा ती वेदना असते, आणि कळ लावली जाते तेव्हा ते भांडण असते. गिझरच्या कळीत हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. ती पहाटे कोणी लावायची, पाणी तापल्यावर कोणी बंद करायची, आणि घरातून सर्वजण लग्नाला निघून रिक्षा कोपऱ्यावर पोहोचल्यावर "गिझर बंद केला ना?" असे कोणी विचारायचे, या तीन प्रश्नांवर घराची शांतता अवलंबून असते. पाहणाऱ्याला असे दिसेल की पहिली दोन कामे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीकडे असतात आणि तिसरा प्रश्न मात्र दुसरीच व्यक्ती विचारते. पऱ्हाट्या मोडण्याच्या कष्टाला आवाज तरी होता. कळ लक्षात ठेवण्याच्या कष्टाला तोही नाही. घरकामातील बराचसा भाग असा लक्षात ठेवण्याचाच असतो (दूधवाल्याचे खाडे, दळणाची पिशवी, सिलिंडरचा नंबर, शाळेच्या गणवेशाचा वार), आणि ज्याच्या लक्षात असते त्याला ते काम आहे असे कोणी म्हणत नाही.

नव्या गिझरची निवड करण्यासाठी भरणारी कुटुंबसभा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी असते. आजोबांचे मत बंबाच्या बाजूने असते आणि ते ऐकून घेतले जाते. कर्त्याचे मत असे असते की हीच वस्तू सुरतेला निश्चित स्वस्त मिळेल. तापी खोऱ्यातील रेल्वेमुळे सुरत हाताशी असल्याने नंदुरबारच्या बाजारात कोणतीही किंमत ऐकताच सुरतेचा उल्लेख करणे हे व्यवहारचातुर्याचे लक्षण समजले जाते, मग प्रत्यक्षात कोणी सुरतेहून गिझर मांडीवर घेऊन आलेला नसला तरी चालते. मुलाला २५ लिटरचा आणि मोबाइलवरून चालू होणारा हवा असतो, आणि पलंगावर पडल्यापडल्या तो मोबाइलवरून गिझर लावणार, म्हणजे अखेर कोणालातरी "गिझर लाव" असे मोबाइलवरून सांगणार, हे सर्वांना ठाऊक असते. कळीशी जिचा रोजचा संबंध, ती चहाच्या तयारीत असल्याने सभेला हजर नसते.

लिटरचा वाद मात्र गणिताने सुटण्यासारखा आहे, आणि तसा तो सुटतो म्हणूनच बहुधा कोणी गणित करत नाही. हिवाळ्यात टाकीतले पाणी २० अंश सेल्सिअस धरले आणि गिझरने ते ६० अंशांपर्यंत नेले, तर १५ लिटरला सुमारे ०.७ युनिट वीज व २ किलोवॅटच्या गिझरला २१ मिनिटे लागतात. ६० अंशांचे पाणी अंगावर घेता येत नाही. आंघोळीला ४० अंश पुरतात, म्हणून त्यात तितकेच गार पाणी मिसळावे लागते आणि १५ लिटरचे ३० लिटर होतात. बादली २० लिटरची असेल तर पहिल्याची आंघोळ पोटभर होते, दुसऱ्याची अर्धी, आणि तिसरा दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून २१ मिनिटे उभा राहतो. २५ लिटरच्या गिझरमध्ये हाच तिसरा माणूस दाराबाहेर उभा राहण्याऐवजी अर्ध्या बादलीचा धनी होतो. पाच माणसांना पाच बादल्या लागल्या तर रोजचे सुमारे २.३ युनिट आणि महिन्याचे ७० युनिट होतात, टाकी १५ ची असो वा २५ ची, कारण पाणी तापवायला लागणारी उष्णता पाण्यावर ठरते, पत्र्यावर नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा भाव कमी व पुढच्यांचा जास्त असल्याने हे ७० युनिट बिलाला नेमके त्या उंबऱ्याच्या पलीकडे ढकलतात. तेव्हा १५ की २५ हा प्रश्न मुळात घरात कोण किती वाजता उठतो याचा आहे; ज्या घरात दोघे सहाला आणि तिघे आठला न्हातात तेथे १५ लिटर पुरेसे होतात, आणि ज्या घरात पाचही जण पावणेआठला न्हाऊ इच्छितात तेथे पन्नास लिटरही पुरत नाहीत, कारण न्हाणीघर एकच असते.

दुकानात गेल्यावर विक्रेता प्रथम टाकीच्या ताकदीविषयी बोलतो. "आठ बार प्रेशर सहन करते" हे वाक्य तो अशा आदबीने उच्चारतो की ग्राहकाला आपण गिझर घेण्यास पात्र आहोत की नाही याचीच शंका यावी. बार हे दाबाचे माप असून साधारण १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाने १ बार दाब पडतो. म्हणजे आठ बारसाठी सुमारे ८० मीटर उंचीवर टाकी हवी, आणि पंचविसाव्या मजल्यावरून पाणी येणारे घर नंदुरबारात शोधावे लागेल. स्लॅबवरची टाकी नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर दाब ०.३ बार भरतो. ज्या गोष्टींविषयी विचारायला हवे त्या विक्रेत्याच्या बोलण्यात शेवटी येतात. त्यातील पहिली म्हणजे तारे: ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो या २००२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेने दिलेले हे तारे, पाणी न वापरता नुसते गरम ठेवले असता २४ तासांत किती वीज वाया जाते यावर ठरतात, त्यामुळे जो गिझर दिवसभर चालू विसरला जातो त्याच्यासाठी ते फार मोलाचे आणि जो अर्ध्या तासात बंद होतो त्याच्यासाठी कमी मोलाचे असतात. थोडक्यात, तारे ही विसराळूपणावरची सवलत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे आयएसआयची खूण, जी साठवणीच्या विजेच्या गिझरला भारतीय मानक २०८२ नुसार मिळते. तिसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅनोड.

अ‍ॅनोड हा गिझरमधील सर्वांत सोशिक घटक होय. टाकीच्या आत टांगलेली ही मॅग्नेशियमची कांडी लोखंडापेक्षा लवकर झिजते, आणि ती स्वतः झिजत असेतो टाकीला गंज चढू देत नाही. ती संपली की टाकी गळू लागते, आणि मग घरच्यांना प्रथमच कळते की आत असे कोणी होते. बोअरच्या जड पाण्यात, म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात अशा पाण्यात, दुसरीही आपत्ती असते. मीठ-साखर गरम पाण्यात अधिक विरघळते हा स्वयंपाकघराचा अनुभव येथे उलटतो. हे क्षार पाणी तापताच बाहेर पडून सर्वांत गरम वस्तूवर, म्हणजे एलिमेंटवर, चुन्यासारखे बसतात. चहाच्या पातेल्याच्या आत जो पांढरा थर धरतो तोच हा, आणि ज्या घरातील पातेल्याला असा थर धरतो त्या घराने गिझर घेताना एलिमेंट सहज काढून लिंबूसत्ताच्या पाण्यात बुडवता येईल का, एवढे विचारले तरी आठ बारचे भाषण ऐकल्याचे सार्थक होते.

वीजदाबाचा विषय दुकानात निघतच नाही. रब्बीच्या दिवसांत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावाकडे दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरणे नवलाचे राहत नाही, आणि एलिमेंटची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने २००० वॅटचा गिझर तेव्हा सुमारे १२२५ वॅटचा होतो. २१ मिनिटांचे काम ३४ मिनिटांवर जाते, गिझरवरचा लाल दिवा मात्र नेहमीसारखा जळत असतो, आणि नवा गिझर घेऊनही पाणी कोमट का, या प्रश्नाचा ठपका कळ उशिरा लावणारीवर येतो. भौतिकशास्त्रातील नियम घरात कोणाच्या नावावर जमा होतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

पर्यायांपैकी बादलीत बुडवायचा रॉड सर्वांत स्वस्त असून पाणी तापले का हे पाहण्यासाठी प्लग न काढता बोट बुडवण्याची सवय मोडली नाही तर सर्वांत महागही पडतो. गॅस गिझरविषयी बोलताना विनोद बाजूला ठेवणे योग्य. बंद न्हाणीघरात तो चालवला तर हवेतील ऑक्सिजन कमी होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला धोका कळण्याआधी शुद्ध जाते. १८६८ च्या यंत्राला जे धुराडे नव्हते ते आजही अनेक घरांत नसते. असा गिझर घ्यायचाच तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा; दुसरा मार्ग नाही. राहता राहिला सौर बंब, ज्याला सर्वत्र नुसते 'सोलर' म्हणतात. वर्षातील बहुतेक दिवस कडक ऊन असलेल्या या जिल्ह्यात त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि दोनच गोष्टी विरोधात आहेत: मे महिन्यात जेव्हा तो उकळते पाणी फुकट देतो तेव्हा ते कोणालाच नको असते. शिवाय स्लॅबपासून नळापर्यंत २० मीटर नळी असेल आणि ती आतून १५ मिलिमीटर व्यासाची असेल, तर तिच्यात रात्रभर साचलेले साडेतीन लिटर गार पाणी आधी बाहेर काढावे लागते. ते मोरीत सोडणारे घर आणि ते भांड्यांसाठी धरून ठेवणारे घर, अशी घरांची सरळ विभागणी करता येते.

नंदुरबारपुरती आणखी एक बाब जोडणे आवश्यक आहे, कारण ती अन्यत्र लागू होत नाही. गिझरचे चार महिने आणि लाल मिरचीचा हंगाम एकाच वेळी येतात. शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या मैदानांवर, दिवसभर मिरची पसरून, निवडून आणि भरून घरी आलेल्या बाईच्या हातांना संध्याकाळी जे पाणी इतरांना सुखद वाटते ते निखाऱ्यासारखे लागते. याचे कारण शरीरातच आहे: त्वचेतील ज्या संवेदनग्राहकाला मिरचीतील कॅप्सेसिन जागे करते तोच ग्राहक सुमारे ४३ अंशांपुढची उष्णताही ओळखतो, आणि त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल आर्देम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळाले. पथारीवरची बाई हे नोबेलशिवायही जाणून असल्याने ती गार पाण्याने हात धुते, आणि गिझरच्या तापमानाची चकती कमीवर फिरवून ठेवते. मग रात्री मुलगा न्हायला जातो आणि नव्या गिझरचे पाणी तापत नसल्याची तक्रार कंपनीच्या नंबरवर नोंदवतो.

तक्रार नोंदवल्यानंतरचा प्रवास भूगोलाचा असतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, पण गिझरच्या सुट्या भागांपर्यंत ही बातमी पोहोचली नसावी, कारण ते अजूनही बहुधा धुळ्याहूनच यायचे असतात. आणि खरेदी सुरतेची असेल तर ग्राहकाची अवस्था नवापूर रेल्वे स्थानकावरच्या बाकासारखी होते, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. दुरुस्तीचा माणूस येईपर्यंतच्या दिवसांत पाणी गॅसवर पातेल्यात तापते, आणि ते उचलून न्हाणीघरापर्यंत कोण नेते हे पुन्हा सांगण्याची गरज नाही.

तेव्हा पाच माणसांच्या घराने १५ लिटरचा, आयएसआय खुणेचा आणि परवडतील तितक्या ताऱ्यांचा गिझर जिल्ह्यातल्याच दुकानातून घ्यावा, अ‍ॅनोड दर दोन वर्षांनी उघडून पाहावा, आणि बसवणाऱ्याला आधीच सांगून कळ न्हाणीघराबाहेर, सर्वांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, लाल दिव्यासह लावून घ्यावी. ज्याची आंघोळ शेवटची त्याने ती बंद करावी. माळ्यावर जुना बंब असेल तर तो एवढ्यात भंगारवाल्याला देऊ नये. नरक चतुर्दशीच्या पहाटे वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून धनत्रयोदशीलाच त्याचे धुराडे झाडून ठेवावे आणि चार पऱ्हाट्या कोरड्या जागी काढून ठेवाव्यात.